न दिसणारं विमान आणि दिसलेले तीन ब्रेकर

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब,
नगरपंचायत कार्यालय, सावरदेवळी,
जि. वाशीम.

अर्जदार : शेख सैफुद्दीन शेख चांद, वय ६१ वर्षे, धंदा पेंटर, रा. जुना बाजार, सावरदेवळी.

विषय : मालेगाव नाक्यावरचे लढाऊ विमान मी गहाळ केलेले नसून ते जागेवरच उभे आहे, करिता माझ्यावरची नोटीस मागे घ्यावी व विमानावर फ्लेक्स चढवू नये, याबाबत.

संदर्भ : १) आपला कार्यादेश, दि. २२ सप्टेंबर २०२५.
२) स्थळपाहणी अहवाल, दि. १८ नोव्हेंबर २०२५.
३) आपली कारणे दाखवा नोटीस, दि. २४ नोव्हेंबर २०२५.
४) आपल्या कनिष्ठ अभियंता साहेबांची नजर.

महोदय,

उपरोक्त विषयी सादर करतो ते खालीलप्रमाणे. वाचताना राग आल्यास पाणी पिऊन पुढे वाचावे, मीही लिहिताना तसंच केलं आहे.

१. मी सातवी नापास आहे. मराठी मी दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता शिकलो. आपल्या कार्यालयाच्या दारावरची ‘परवानगीशिवाय आत येऊ नये’ ही पाटी माझ्या हातची आहे. ‘माहितीचा अधिकार’ ही पाटीसुद्धा माझीच. ती कपाटामागे कोणी सरकवली ते मला माहीत नाही. तहसीलसमोर बसणाऱ्या अर्जनवीसाकडून हा अर्ज लिहून घेतला असता तर तो मऊ झाला असता, म्हणून स्वतः लिहीत आहे. गावात फ्लेक्सची मशीन आल्यापासून माझ्या हातच्या पाट्या एकेक करून उतरल्या. शेवटची मोठी पाटी किराणा दुकानाची होती, ती मागच्या उन्हाळ्यात गेली. आपल्या कार्यालयातल्या त्या दोन सोडल्या तर आज गावात माझ्या हातचं म्हणावं असं एकच काम उरलं आहे आणि नेमकं तेच आपल्या कार्यालयाला दिसत नाही.

२. हकीकत अशी की, दि. १४ ऑगस्ट रोजी सेवेतून निवृत्त झालेलं एक लढाऊ विमान ट्रेलरवर गावात आलं. इंजिन काढलेलं, आतून रिकामं, वरचा रंग पोपडे धरलेला. मालेगाव नाक्यावर चौथरा बांधून ते बसवण्यात आलं. चौथऱ्याच्या मागे जगदेव भाऊंचं तुरीचं वावर आहे आणि वावरामागे बरड टेकडी. सुशोभीकरणाच्या सभेत कोणीतरी मोबाईलवर परदेशी विमानांचे रंग दाखवले. पट्ट्यांचे, ठिपक्यांचे, चौकडीचे, म्हणजे लपायचे रंग किती तऱ्हेने करून पाहतात ते सगळ्यांनी पाहिलं आणि ठराव झाला. त्यानुसार मला मिळालेल्या कार्यादेशात लिहिलं आहे : ‘सदर विमानास सैन्यदलाच्या धर्तीवर प्रायोगिक स्वरूपाची छद्मावरण रंगसंगती देण्यात यावी, जेणेकरून सदर विमान सभोवतालच्या परिसरात मिसळून जाऊन सहजासहजी दृष्टीस पडणार नाही.’

लोकांनी पाहावं म्हणून नाक्यावर ठेवायचं आणि लोकांना दिसू नये म्हणून रंगवायचं, हे मला तेव्हाच चमत्कारिक वाटलं होतं. पण ठराव एकमताने झालेला, म्हणजे त्यात अक्कल शोधणं हा सभागृहाचा अपमान झाला असता.

३. त्याच कार्यादेशाच्या मागच्या बाजूला छापील अटी आहेत. अट क्र. ४ अशी : ‘रंगकाम शंभर फुटांवरून वाहनचालकास स्पष्ट दिसले पाहिजे.’ मी कागद घेऊन आपल्या कार्यालयातले लिपिक हरीओम यांच्याकडे गेलो. समोरच्या बाजूला दिसू नये लिहिलं आहे आणि मागच्या बाजूला दिसलं पाहिजे लिहिलं आहे, नेमकं काय करू, असं विचारलं. ते म्हणाले, “चाचा, फॉर्म एकच छापेल आहे, पाट्यायचा. इमानाचा फॉर्म मी कुठून आनू? मारा सही.” मी सही मारली. ही माझी चूक आहे आणि ती मी कबूल करतो. पाटी रंगवायच्या फॉर्मवर विमान रंगवायला घेणारा माणूस जिल्ह्यात दुसरा नसेल.

४. काम मी मन लावून केलं, आणि इथेच घोटाळा झाला. आपल्याकडे मन लावून केलेल्या कामाची सवय नाही.

चाळीस वर्षं मी अक्षराची कड सांभाळली. कड सरळ आली की अक्षर लांबून वाचता येतं. इथे उलटं होतं. पंखाची कड मोडायची होती, नाकाचं टोक मोडायचं होतं, डोळ्याला कुठेच ‘हे विमान’ असं म्हणू द्यायचं नव्हतं. मी आठ दिवस जगदेव भाऊंच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून रोही, म्हणजे नीलगायी, पाहिले. एवढं घोड्याएवढं जनावर तुरीत शिरतं आणि बघता बघता नाहीसं होतं, ते कसं, हे पाहिलं. त्याची पाठ गडद आणि पोट फिकं असतं. उन्हानं पाठ उजळते, सावलीनं पोट काळवंडतं, दोन्ही मिळून अंग सपाट दिसतं. विमानाला मी तोच हिशोब लावला. वरून काळी माती आणि तुरीचा पाला, खालून वाळल्या गवताचा रंग, मधे तुरीच्या फुलाचे पिवळे शिंतोडे. रंग चमकू नये म्हणून त्यात खडूची भुकटी कालवली.

आधी प्रयोग केला. ‘प्रायोगिक’ हा शब्द आपणच लिहिला होता. प्लायवूडच्या सहा फळ्या सहा तऱ्हांनी रंगवल्या, तुरीपुढे उभ्या केल्या आणि बायकोला, म्हणजे जमीलाला, रस्त्यावर उभं करून मोजायला लावलं. तिनं मोजल्या आणि म्हणाली, “पाँच हैं. छटी घरपेच भूल के आए क्या?” जी तिला दिसली नाही ती तऱ्हा मी विमानाला दिली. पंचेचाळीस फुटांचं विमान, शिडीवर चढून, हातानं. दि. २ नोव्हेंबरला काम संपलं तेव्हा मी रस्त्यावर आलो, मागे वळून पाहिलं, आणि मला स्वतःला ते शोधायला थोडा वेळ लागला. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी जेवण गेलं नाही इतकं बरं वाटलं.

५. दि. १८ नोव्हेंबर रोजी कनिष्ठ अभियंता साहेब पाहणीस आले. पाहणी करण्याची त्यांची एक पद्धत आहे. जीप मुन्नाच्या चहाच्या टपरीपाशी थांबते, काच अर्धी खाली होते, चहा आत जातो, कागद बाहेर येतो. त्या दिवशी मी तिथेच उभा होतो, म्हणून पुढचं संभाषण शब्दशः देत आहे. साहेबांनी विचारलं, विमान कुठे आहे. मुन्ना बोट दाखवून म्हणाला, “थे काय सायेब, तुमच्या नाकासमोर.” साहेब म्हणाले, “ती तर तूर आहे.” मुन्ना म्हणाला, “तुरीले चाकं असतात काय सायेब?” साहेबांनी काच वर केली.

मी काचेवर टिचकी मारून, खाली उतरून हात लावून बघा, अशी विनंती केली. रस्त्यापासून चौथरा साठ पावलं आहे. साहेबांचे बूट नवीन होते. अहवालात लिहिलं : ‘प्रत्यक्ष स्थळपाहणीत विमान जागेवर आढळून आले नाही.’

६. यावरून आपण मला नोटीस दिली की, शासकीय मालमत्ता गहाळ केल्याबद्दल माझ्याविरुद्ध पोलीस तक्रार का करू नये व माझं नाव काळ्या यादीत का टाकू नये. साहेब, माझ्याकडे एक सायकल आहे, तिला मागे शिडी बांधतो. त्यावर विमान बसत नाही. नेलं असतं तर ठेवलं कुठे असतं, याचा विचार नोटिशीवर सही करताना एखाद्या क्षणी व्हायला हरकत नव्हती. जमीलानं नोटीस ऐकली आणि घरात पलंगाखाली वाकून पाहून आली.

दरम्यान जगदेव भाऊंनाही नोटीस गेली. त्यांची उभी तूर ‘शासकीय मालमत्तेच्या दर्शनास अडथळा’ ठरत असल्यानं ती आठ दिवसांत कापून घ्यावी, असं त्यात लिहिलं आहे. शेंगा अजून हिरव्या आहेत. जगदेव भाऊ रोज विमानाच्या पंखाखाली बसून डबा खातात, कारण त्यांना ते दिसतं, सावलीही लागते. नोटीस वाचून ते म्हणाले, “इमानाले पाय नाही, तुरीलेबी पाय नाही. मंग म्याच कायले हालू?” हे त्यांचं उत्तर समजावं. दुसरं देणार नाहीत. म्हणजे आपल्या कागदानुसार विमान जागेवर नाही आणि तूर त्याच्या आड येते. दोन्ही कागदांवर सही एकच आहे, तारखेत दोन दिवसांचा फरक आहे.

मग दि. ५ डिसेंबरचा आपला आदेश निघाला. त्यात, ‘विमान दिसत नसल्यास ते दिसण्याजोगे करावे’, म्हणून दि. १९ डिसेंबर रोजी त्यावर नारंगी फ्लेक्स ताणून बसवण्यात येणार आहे. फ्लेक्सवर सुशोभीकरण समितीच्या एकोणीस सदस्यांचे फोटो राहतील. जे विमान सापडत नाही त्याच्या पंखांचं माप फ्लेक्सवाल्यानं कसं घेतलं, हे मी विचारणार नाही. चौथऱ्यावर जाऊन टेपनंच घेतलं असणार. तो तरी खाली उतरला. फ्लेक्स बसवायला पंखात खिळे ठोकावे लागतील आणि रंग सोलून निघेल.

७. इथपर्यंतचा अर्ज मी माझ्यासाठी लिहिला होता. पुढचा भाग लिहायचा नव्हता, पण लिहावा लागत आहे.

नोटिशीला उत्तर द्यायचं म्हणून मी माहिती अधिकारात तो पाहणी अहवाल मागवला. पाटी कपाटामागे असली तरी अधिकार अजून चालू आहे, हरीओम यांनी दुसऱ्याच दिवशी प्रत काढून दिली. अहवालात त्या दिवशीची एकूण बारा कामं आहेत, बाराही पस्तीस मिनिटांत पाहिलेली. अकरा ‘आढळून आली’, माझं एक, अनुक्रमांक बारा, आढळलं नाही. अनुक्रमांक नऊ असा : ‘बाजार ते सोमला नाईक तांडा या रस्त्यावर तीन गतिरोधक, प्रत्यक्ष पाहणीत सुस्थितीत.’

साहेब, त्या रस्त्यावर गतिरोधक, म्हणजे ब्रेकर, एकही नाही. कधीच नव्हता. रस्ता गुळगुळीत आहे, तांड्याजवळ उतार आहे आणि केनवडच्या बाजाराला जाणारे टेम्पो तिथे ब्रेकला पायसुद्धा लावत नाहीत. तांड्यावरची पोरं तोच रस्ता ओलांडून शाळेत येतात. सोमला नाईक यांची आई तुळसाबाई तिथेच रस्त्याच्या कडेला उकडलेल्या तुरीच्या शेंगा विकायला बसते. तिला डोळ्यांनी कमी दिसतं.

मी अहवाल तीनदा वाचला. पंचेचाळीस फुटांचं विमान साठ पावलांवरून ज्यांना दिसलं नाही, त्यांना दीड कोसावरचे, नसलेले, तीन ब्रेकर टपरीवरून दिसले. लपायचा रंग मी एका विमानाला देऊ शकलो. आपल्या कार्यालयाला तर दाखवायचा रंगही येतो, आणि त्याला शिडी लागत नाही.

८. मला राग आला आणि रागात मी एक काम केलं. ते इथे लेखी कबूल करतो. दि. २६ नोव्हेंबर रोजी भल्या सकाळी मी सायकलवर डबे घेऊन तांड्याच्या रस्त्यावर गेलो आणि उरलेल्या रंगात तीन ब्रेकर काढले. पांढरे पट्टे, आणि तुरीच्या फुलासाठी आणलेला पिवळा. विमानाचं अंग सपाट दिसावं म्हणून जे केलं होतं तेच इथे उलटं केलं. वर उजेड धरला, खाली सावली धरली, मधे रस्ता फुगला. लांबून पाहिलं तर हाड मोडेल असा ब्रेकर. अट क्र. ४ प्रमाणे शंभर फुटांवरून वाहनचालकास स्पष्ट दिसणारा. परवानगी घेतली नाही, कारण अहवालाप्रमाणे ब्रेकर तिथे होतेच. असलेल्या ब्रेकरला पट्टे मारणं हा गुन्हा होत नसावा असं वाटलं. मला आपल्याला चिडवायचं होतं. एवढाच हेतू होता.

चार दिवस मजा झाली. टेम्पो येत, करकचून थांबत, हळूच चाक पुढे घेत आणि काहीच न आदळल्यामुळे ड्रायव्हर खाली वाकून पाहत. तांड्यावरची माणसं बाजा टाकून ते बघत बसली. तुळसाबाई मला म्हणाली, “बरं केलं भाऊ, आता घाई नाही करत मी. आता गाडीले थांबाच लागते.” मी हसलो. तिला सांगायला पाहिजे होतं. ती पट्ट्यांवर पायसुद्धा देत नव्हती, रंग खराब होईल म्हणून बाजूनं जात होती आणि पोरांनाही दटावत होती.

पाचव्या दिवसापर्यंत टेम्पोवाल्यांना समजलं. ड्रायव्हर लोक एकमेकांना सगळं सांगतात. दि. ३० नोव्हेंबरला एक टेम्पो उतारावरून आला, ब्रेकर रंगाचा आहे हे ठाऊक असलेला, पायही न उचलता. तुळसाबाई शेंगांची टोपली घेऊन रस्ता ओलांडत होती, सावकाश, कारण आता ब्रेकर होते. टेम्पोचा आरसा लागला. ती पडली, उजवा हात मनगटातून मोडला. शेंगा पट्ट्यांवर सांडल्या. टेम्पो थांबला नाही.

मी तिला वाशीमला दवाखान्यात भेटायला गेलो. ती म्हणाली, “तुमचा ब्रेकर चांगला होता भाऊ. त्या गाडीवाल्यालेच दिसला नसन.” अजूनही तिला मी काही सांगितलेलं नाही. हा अर्ज आपल्या आधी तिला वाचून दाखवायला पाहिजे होता, ती हिंमत झाली नाही. आपल्याला लिहायला हिंमत लागत नाही.

९. माझ्या रंगाला शेवटपर्यंत फसलेली माणसं दोनच. एक आपले अभियंता साहेब, दुसरी तुळसाबाई. साहेबांचा पगार चालू आहे, तुळसाबाईचा गल्ला बंद आहे. मी विमान लपवलं त्यात कोणाला खरचटलं नाही. ब्रेकर दाखवले, तर माणूस पडलं. परवा मी जाऊन ते तिन्ही ब्रेकर डांबरी काळ्या रंगानं पुसून टाकले. आता रस्ता जसा होता तसा आहे. अहवालात मात्र ते अजून सुस्थितीत आहेत.

१०. सबब, वर विषयात मी जे मागितलं आहे ते मागे घेतो. विषय पेनानं लिहिलेला असल्यानं खोडला नाही, खोडलं की कागद घाण दिसतो. माझी आता अदलाबदलीची विनंती आहे.

आपण विमानावर खुशाल फ्लेक्स चढवावा. एकोणीस फोटो लावा, नारंगी लावा, खिळे ठोका. शिडी लागली तर माझी घेऊन जा. विमान जागेवर आढळलं नाही, असं मी स्टँप पेपरवर लिहून देतो. माझं नाव काळ्या यादीत टाका. ती यादी बोर्डावर लावणार असाल तर मीच लिहून देईन, निदान अक्षर चांगलं येईल. मी ते काम केलं होतं हे मला माहीत आहे, जमीलाला माहीत आहे, आणि जगदेव भाऊंच्या तुरीतल्या रोह्यांना माहीत असेल, ते परवा पंखाखाली येऊन उभे होते.

बदल्यात तांड्याच्या रस्त्यावर तीन ब्रेकर द्यावेत. रंगाचे नकोत, कागदाचे नकोत. गिट्टी आणि डांबराचे, हाताला लागतील असे. दि. १९ डिसेंबरला फ्लेक्सवाला खिळे ठोकेल त्याच्या आधी. त्यावर पट्टे मारायचं काम मी करून देईन आणि फॉर्म कोणताही द्या, सही मारीन.

काम झाल्यावर पाहणी व्हावी. पाहणी कनिष्ठ अभियंता साहेबांनीच करावी, मला दुसरा माणूस चालणार नाही. त्यांना खाली उतरायचीही गरज नाही. त्यांनी जीपमध्ये मागच्या सीटवर बसावं, काच बंद ठेवावी, हवं तर डोळेही मिटावेत. ड्रायव्हरनं उतारावरून गाडी टेम्पोच्या वेगानं सोडावी. साहेबांचं डोकं तीनदा टपाला आदळलं तर तीन गतिरोधक प्रत्यक्ष पाहणीत सुस्थितीत आढळले, असं लिहावं. दोनदा आदळलं तर दोन लिहावेत. आदळलंच नाही, तर त्या दिवशी मात्र साहेबांनी कृपा करून खाली उतरावं आणि तुळसाबाईच्या जागेवर थोडा वेळ बसावं.

कळावे,
अजून तरी दिसत असलेला,
शेख सैफुद्दीन पेंटर
सावरदेवळी, दि. ८ डिसेंबर २०२५

सोबत :
१) कार्यादेशाची प्रत, दोन्ही बाजू.
२) स्थळपाहणी अहवालाची प्रत, अनुक्रमांक नऊ व बारा खाली रेघ मारून.
३) विमानाचा फोटो. विमान कुठे आहे ते लाल पेनानं गोल करून दाखवलं आहे.
४) प्लायवूडची सहावी फळी. आपल्या कार्यालयात ठेवल्यास हरवेल, म्हणून हिला पोच द्यावी.
५) अभियंता साहेबांना तूर ओळखता यावी म्हणून जगदेव भाऊंच्या वावरातल्या शेंगा, पावशेर. उकडून आणायच्या होत्या. उकडून देणारीचा हात अजून दीड महिना प्लास्टरमध्ये आहे.